तीस मैलांचा आवाज आणि दहा रुपयांचा परवाना

व्यापारी नभोवाणीच्या जमाखर्चाची शंभर वर्षांची कहाणी

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव आज पोलाद कारखान्यामुळे ओळखले जाते. धरमतरच्या धक्क्यावर उतरणारा कच्चा माल, वडखळ नाक्यावरील मालमोटारींची रांग आणि आसपासच्या बाजारपेठेतील किराणा, कापड, भांडी व लोखंडाची दुकाने असे या परिसराचे आजचे रूप आहे. मुंबईपासून हे गाव सरळ रेषेत मोजले तर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 1927 साली मुंबईत खासगी भांडवलावर चालणारे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा त्याच्या आवाजाची भरवशाची मर्यादा सुमारे 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर मानली जात असे. नकाशावर मुंबईभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर पेण आणि डोलवी आत येतात. रोहा मात्र बाहेर राहते.

त्या वर्तुळाच्या कडेवर उभ्या असलेल्या गावांना तेव्हापासून एक प्रश्न लागू आहे. दूरच्या शहराचा आवाज ऐकायला मिळतो, परंतु आपल्या गावाचा आवाज आपल्याला परवडतो का? आणि परवडायचा असेल तर त्याचा खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न यंत्रांपेक्षा हिशेबाचा अधिक आहे. म्हणून व्यापारी नभोवाणीचा इतिहास पेढीवरच्या वहीप्रमाणे, जमा आणि खर्च या दोन बाजूंनी वाचला तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

हौशी मंडळींकडून कंपनीकडे

मुंबईत बिनतारी संगीताचा पहिला गाजलेला प्रयोग ऑगस्ट 1921 मध्ये झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल व तार खाते यांनी मिळून तो केला. मुंबईत वाजलेले संगीत गव्हर्नरांनी पुण्यात ऐकले. दोन वर्षांनी, 1923 च्या जून महिन्यात, बॉम्बे रेडिओ क्लबने प्रसारण सुरू केले. त्याच वर्षी कलकत्त्यात आणि पुढच्या वर्षी मद्रासमध्ये असेच क्लब पुढे आले. ही सारी मंडळी हौशी होती. वर्गणी, देणगी आणि उत्साह एवढ्यावर त्यांचे काम चाले. उत्साहाने काम सुरू होते. पण रोज ठरलेल्या वेळी तेच काम करीत राहायचे तर नियमित उत्पन्न लागते. या क्लबांना तेच नव्हते.

नियमित सेवेसाठी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी स्थापन झाली. सप्टेंबर 1926 मध्ये तिचा सरकारशी करार झाला आणि मुंबई व कलकत्ता या दोन ठिकाणी केंद्रे उभारण्याचा अधिकार तिला मिळाला. कंपनीच्या अध्यक्षस्थानी सर इब्राहिम रहिमतुल्ला होते. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचे उद्घाटन केले, तर कलकत्ता केंद्र त्याच वर्षी 26 ऑगस्टला सुरू झाले. दोन्ही प्रक्षेपकांची शक्ती प्रत्येकी दीड किलोवॉट होती. कार्यक्रमांची माहिती देणारे 'इंडियन रेडिओ टाइम्स' हे नियतकालिकही निघाले.

त्या काळात मुंबईचा माणूस आगबोटीने धरमतरला उतरे आणि तेथून पेण, अलिबाग, नागोठण्याकडे जाई. माल आणि बातमी दोन्ही खाडीच्या वाटेनेच येत. मध्यम लहरींचा प्रवास खाऱ्या पाण्यावरून अधिक चांगला होतो, हे भौतिकशास्त्र सांगते. मुंबई आणि पेण यांच्यामध्ये बंदराचे व खाडीचे पाणी असल्याने या किनाऱ्याला ते अनुकूलच होते. अडचण लहरींची नव्हती. संच महाग होता, वीज नव्हती, बॅटरी पुन्हा पुन्हा भरून आणावी लागे आणि ऐकण्यासाठी परवाना काढावा लागे.

कंपनीचा ताळेबंद

परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती. त्यांतील 80 टक्के, म्हणजे आठ रुपये, कंपनीला मिळत. त्याशिवाय आयात होणाऱ्या बिनतारी साहित्याच्या किमतीवर दहा टक्के आकार कंपनीला मिळावा अशी तरतूद होती. उत्पन्नाच्या मुख्य बाजू एवढ्याच.

आता भांडवलाची बाजू पाहू. अधिकृत भांडवल 15 लाख रुपयांचे होते, पण प्रत्यक्षात 6 लाखांचेच भाग विक्रीस काढले गेले. त्यांतील साडेचार लाख रुपये दोन केंद्रे उभारण्यात खर्च झाले. रोजचा व्यवहार चालविण्यासाठी उरले दीड लाख. दुकान सजवण्यात तीन चतुर्थांश भांडवल घालून उरलेल्या पैशात माल भरू पाहणाऱ्या व्यापाऱ्याची जी गत होते, तीच या कंपनीची झाली.

परवान्यांची संख्या 1927 च्या अखेरीस 3,594 होती. पुढच्या वर्षाअखेर ती 6,152 झाली आणि 1929 च्या अखेरीस 7,775 वर पोहोचली. वाढ होत होती, परंतु तिचा वेग मंदावत चालला होता. या शेवटच्या आकड्याला आठ रुपयांनी गुणले तर वर्षाचे 62,200 रुपये होतात. कंपनीचा खर्च मात्र सुरुवातीला महिन्याला 33,000 रुपये होता. काटकसर करून तो 24,000 रुपयांवर आणला, तरीही वर्षभराचे परवाना उत्पन्न तीन महिनेही पुरणारे नव्हते. केवळ परवान्यांवर हा कमी केलेला खर्च भागवायचा म्हटला तर 36,000 परवानेधारक हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी होते.

1 मार्च 1930 रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. सेवा सुरू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती.

न दिलेले घेणे

कंपनी बुडण्याची कारणे सांगताना अपुरे भांडवल, महाग संच आणि कमी शक्तीचे प्रक्षेपक यांचा उल्लेख नेहमी होतो. आणखी एक कारण होते, आणि ते ऐकणाऱ्यांच्या घरात होते. अनेक जण परवाना न काढताच रेडिओ ऐकत. आवाज हवेतून येतो, तो कोणाच्या दुकानातून उचलावा लागत नाही, आपण ऐकल्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही; मग पैसे कशाचे द्यायचे, असा त्यामागचा विचार असावा.

जैन श्रावकाचाराने या विचाराची तपासणी फार पूर्वी केली आहे. अचौर्य अणुव्रताचे दुसरे नाव अदत्तादान-विरमण. जे दिले गेले नाही ते घेऊ नये, एवढीच त्याची व्याख्या. वस्तू जड आहे की सूक्ष्म, मालकाला तिची उणीव जाणवते की नाही, हे प्रश्न त्या व्याख्येत नाहीत. चोरीच्या मालाची खरेदी, खोटी मापे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन यांना शास्त्रकारांनी या व्रताचे अतिचार म्हटले आहे. दहा रुपयांचा परवाना न काढता ऐकलेले गाणे या कसोटीवर उतरत नाही. त्या प्रत्येक घराने आठ रुपये बुडवले. या आठ-आठ रुपयांवर गायक, वादक आणि यंत्रज्ञ यांचे वेतन अवलंबून होते.

पुढे इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायदा, 1933 आला आणि 1 जानेवारी 1934 पासून अमलात आला. विनापरवाना संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. परवान्यांची संख्या त्यानंतर झपाट्याने वाढली, मात्र कंपनीला त्याचा लाभ मिळण्याची वेळ निघून गेली होती.

सरकारची गादी

कंपनी बुडाल्यावर 1 एप्रिल 1930 पासून सरकारने दोन्ही केंद्रे चालवायला घेतली. पण सरकारलाही हा तोटा जड वाटला. 10 ऑक्टोबर 1931 रोजी, जागतिक मंदीच्या काळात, काटकसर म्हणून सेवा बंद करण्याचा निर्णय झाला. या निर्णयाविरुद्ध श्रोत्यांनी आवाज उठवला. संच आयात करून बसलेल्या विक्रेत्यांचाही त्याला विरोध होता, कारण केंद्र बंद झाले तर त्यांच्या दुकानातील संच म्हणजे नुसती लाकडी पेटी ठरणार होती. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला निर्णय मागे घेण्यात आला आणि 5 मे 1932 रोजी सेवा कायम ठेवण्याचे ठरले. 8 जून 1936 रोजी तिचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले.

येथून पुढे सुमारे सहा दशके भारतातील अधिकृत नभोवाणी सरकारच्याच हाती राहिली. या एकाधिकाराचे बीज 1930 च्या त्या दिवाळखोरीत होते. खासगी भांडवलाला हा धंदा झेपत नाही, असा समज तेथे पक्का झाला. वास्तविक त्या कंपनीच्या वहीत स्थानिक व्यापाऱ्याच्या जाहिरातीला उत्पन्नाचा आधार म्हणून कधी स्थान मिळालेच नव्हते.

कोलंबोला गेलेला पैसा

जाहिरातीची ताकद भारताला परदेशी केंद्राने दाखवली. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्यांनी संचाचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. 3 डिसेंबर 1952 रोजी तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिचे निवेदक अमीन सयानी घराघरांत पोहोचले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, गाणी मुंबईत तयार झालेली, माल विकणाऱ्या कंपन्यांची बाजारपेठ भारतातील, ऐकणारेही भारतातीलच. प्रसारणाच्या वेळेचे मोल मात्र कोलंबोत जमा होई.

3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिची घडण केली. तरीही जाहिराती घेण्यास आणखी दहा वर्षे लागली. अशोक चंदा समितीच्या शिफारशीनंतर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. देशातील अधिकृत नभोवाणीवरील जाहिरातींचा आरंभ महाराष्ट्रातून झाला, ही बाब आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. 1970 पासून प्रायोजित कार्यक्रमही आले.

आकाशवाणीच्या जाहिरात संहितेने मद्य आणि तंबाखू यांच्या जाहिरातींना दार बंद ठेवले. जैन परंपरेत सप्तव्यसनांचा त्याग आणि निषिद्ध व्यापारांची यादी श्रावकाला पाठ असते. भाषा समिती म्हणजे बोलण्यातील विवेक हा तर साधुजीवनाचा पायाच आहे. काय विकावे याबरोबरच काय ओरडून विकू नये, याचाही नियम असावा लागतो. उत्पन्नाची गरज असतानाही एखाद्या मालाची जाहिरात नाकारणारी पेढी दीर्घकाळ चालू शकते, हे आकाशवाणीच्या या संहितेने दाखवून दिले.

पुन्हा तीच चूक

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर खासगी एफएम केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. पहिल्या टप्प्यात 40 शहरांतील 108 वाहिन्यांचा लिलाव पुकारला गेला. बोली चढत गेली. मुंबईतील एका वाहिनीची पहिल्या वर्षाची परवाना फी 9 कोटी 75 लाख रुपये ठरली आणि दरवर्षी तिच्यात 15 टक्के वाढ व्हायची होती. चक्रवाढीने हिशेब केला तर दहाव्या वर्षी ती 34 कोटींच्या वर जाते. उत्पन्न किती होईल याच्याशी या फीचा काही संबंध नव्हता. परिणामी 108 पैकी जेमतेम वीस-एकवीस वाहिन्या तग धरू शकल्या.

1930 मध्ये उत्पन्न अपुरे असल्याने कंपनी बुडाली होती. या वेळी उत्पन्न येण्याआधीच खर्च ठरून गेला होता. दोन्ही वेळी वहीच्या दोन बाजूंचा मेळ कोणी घातला नाही. डॉ. अमित मित्रा समितीने 2003 मध्ये ही चूक दाखवून दिली आणि एकदाच भरायचे प्रवेशशुल्क व त्यानंतर उत्पन्नाचा चार टक्के हिस्सा अशी पद्धत सुचवली. जुलै 2005 च्या धोरणात ती स्वीकारली गेली. भाड्याऐवजी विक्रीतील वाटा घेणारा जागामालक व्यापाऱ्याला नेहमीच परवडतो, कारण मंदीच्या वर्षी त्याचे देणेही कमी होते.

या एका बदलाने लहान शहरांचे चित्र पालटले. कोल्हापूर, सोलापूर, सांगली, जळगाव, अहमदनगर, धुळे, नांदेड, अकोला येथे खासगी एफएम केंद्रे उभी राहिली. आजवर वृत्तपत्रातील चौकटीवर आणि रिक्षावरील भोंग्यावर भिस्त असलेल्या सराफ, कापड दुकानदार, वाहन विक्रेते आणि शिकवणी वर्ग यांना सेकंदांच्या हिशेबाने आपले नाव ऐकवता येऊ लागले. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे व्यापाराचे हंगाम केंद्रांच्या उत्पन्नाचेही हंगाम झाले. लहान शहरातील केंद्राचे यश मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा अशा शे-दोनशे दुकानदारांच्या सातत्यावर अधिक अवलंबून असते. एक मोठा ग्राहक सोडून गेला तर महिना बुडतो. लहान ग्राहक पुष्कळ असले तर केंद्र चालत राहते.

वर्तुळाबाहेरची गावे

जुलै 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपर्यंत खासगी एफएम नेण्याचे ठरवले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांतील 730 वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. महाराष्ट्रातील बार्शी, लातूर, मालेगाव, उदगीर अशी व्यापारी शहरे त्या यादीत आहेत. एक लाखाची अट असल्याने पेण, रोहा यांचा मात्र विचार होऊ शकत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार पेण शहराची लोकसंख्या 37,852 होती. गणेशमूर्तींसाठी देशभर नाव झालेले पेण, औद्योगिक वसाहतीचे रोहा आणि पोलादाचे डोलवी या तिन्ही ठिकाणी पैसा फिरतो, पण शिरगणतीत संख्या कमी पडते.

ही उणीव केवळ करमणुकीची असती तर चालून गेली असती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. रायगड जिल्ह्यात विजेचे खांब कोसळले, भ्रमणध्वनीची सेवा खंडित झाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ संच चालू असतो. मात्र त्यावर वडखळचा रस्ता खुला आहे की नाही, पेणच्या कोणत्या दवाखान्यात वीज आहे, धान्य कोठे मिळेल, हे सांगणारे जवळचे केंद्र असावे लागते. मोठ्या शहराच्या केंद्राला एवढ्या बारीक तपशिलासाठी वेळ नसतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसली, तरी हवामान, वाहतूक, पाणी, वीज आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती देण्यास 2011 च्या धोरणाने परवानगी दिली आहे.

संस्थेचा मार्ग

ज्या गावांना व्यापारी केंद्र मिळू शकत नाही त्यांच्यासाठी सामुदायिक रेडिओचा मार्ग आहे. 2006 पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना असा परवाना मिळू शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला आणि राजकीय पक्षाला तो मिळत नाही. संस्था किमान तीन वर्षे नोंदणीकृत असावी लागते. प्रक्षेपकाची शक्ती बेताची असते आणि आवाज सपाट प्रदेशात दहा-पंधरा किलोमीटर जातो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी 2004 पासून, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून चालू आहे. म्हसवडसारख्या दुष्काळी भागातील गावाला जे जमले, ते खाडीकाठच्या संपन्न बाजारपेठेला अशक्य नसावे.

अशा केंद्रांना जाहिरातीही घेता येतात. पूर्वी तासाला सात मिनिटांची मर्यादा होती. 2024 मध्ये ती बारा मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपयांवर गेला. बारा मिनिटांत दहा सेकंदांचे 72 तुकडे बसतात. सर्व तुकडे या दराने भरले तर तासाचे 5,328 रुपये होतात. सर्व तुकडे रोज भरणार नाहीत, हे कोणताही अनुभवी व्यापारी लगेच सांगेल. तरी निम्मे किंवा चौथा हिस्सा भरला तर काय राहते, निवेदकाचे मानधन, वीज, दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रण यांना किती लागते, हा हिशेब कागदावर मांडता येण्याजोगा आहे. 1927 च्या कंपनीने तो केंद्र उभारण्यापूर्वी मांडला असता तर कदाचित नभोवाणीचा इतिहास निराळा झाला असता.

व्यापारी समाजाने पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ आणि ग्रंथालये चालवली. त्या संस्था टिकल्या, कारण कायमनिधी वेगळा ठेवून रोजचा खर्च वर्गणीतून भागवण्याची शिस्त त्यांच्या विश्वस्तांनी पाळली. हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त सद्गृहस्थाची लक्षणे सांगताना न्यायाने मिळवलेल्या धनाला पहिले स्थान दिले आणि मिळकतीच्या प्रमाणातच खर्च करणे हेही त्याच लक्षणांत गणले. गावाच्या नभोवाणी केंद्राला ही दोन्ही लक्षणे जशीच्या तशी लागू पडतात. परवाना घेऊन, नियमांत राहून, योग्य त्याच मालाची जाहिरात स्वीकारून आणि भांडवलाचा मोठा भाग चालू खर्चासाठी राखून केंद्र उभारले, तर 1930 च्या चुका टाळता येतील.

मुंबईच्या त्या पहिल्या कंपनीला दोन महानगरांतून 36,000 परवानेधारक जमवता आले नाहीत. आज एकट्या पेण शहराची लोकसंख्या त्याहून अधिक आहे, आणि ऐकणाऱ्याला आता दहा रुपयांचा परवाना काढावा लागत नाही. हिशेबाची जमा बाजू आता श्रोत्याकडून बाजारपेठेकडे सरकली आहे. ती भरण्याचे काम पेण, वडखळ आणि रोह्याच्या दुकानदारांचे आहे.